आधी खेळ, मग शाल

निवृत्त झालेल्या मराठीच्या मास्तराला गाव दोन कामं देतं: लग्नपत्रिकेचं शुद्धलेखन तपासणं आणि मानपत्रं लिहिणं. पहिल्या कामात आपलं कुणी ऐकत नाही, दुसऱ्यात आपलं कुणी वाचत नाही, त्यामुळे दोन्ही निर्धास्तपणे करता येतात. भिवंडीत मी आजवर नगरसेवक, कुस्तीचे वस्ताद, एक होमिओपॅथीचे डॉक्टर आणि आमच्याच शाळेचे मुख्याध्यापक अशा सगळ्यांना 'कर्मयोगी' म्हटलं आहे. मुख्याध्यापकांच्या वेळी पेन जरा अडखळलं, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात एका मंडळाचा कार्यवाह घरी आला. माझाच जुना विद्यार्थी. मंडळाने 'दिव्यांग गौरव सोहळा' ठरवला होता.

"सर, धामणकर नाक्याच्या मागे एक बाई राहतात. दोन्ही हात नाहीत, जन्मापासून. सगळं पायानं करतात. साहेबांच्या हस्ते सत्कार आहे. तुम्ही जरा जाऊन माहिती घ्या आणि हृदयस्पर्शी लिहा."

"किती हृदयस्पर्शी?"

"एका पानात बसेल एवढं. फ्रेम करायचीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. चाळीतली शेवटची खोली, पलीकडच्या भिंतीला लूमचा कारखाना, त्यामुळे खोलीतली भांडी दिवसभर बारीक थरथरत असतात. दार तिथल्या बाईंच्या भाचीने उघडलं. ती एका गोदामात कामाला जाते, ड्युटीवर निघायच्या घाईत होती. आत सत्तरीच्या आसपासची एक बाई पाटावर बसली होती. समोर कोऱ्या कापडाचा ढीग आणि उजव्या पायाच्या बोटांत कात्री. कापडावरचे लोंबते धागे ती कातरत होती आणि डाव्या पायाने कापड पुढे सरकवत होती. दोन्ही पायांचा वेग असा की पाहणाऱ्याला आपल्याच हातांची जरा लाज वाटावी.

"बसा," ती म्हणाली. "खुर्चीवर धागे असतील, झटका."

मी धागे झटकले, बसलो आणि भिंतीवरची पाटी पाहिली. 'दूधवाल्याला सांगणे, उद्यापासून अर्धा लिटर.' नुसता निरोप. पण त्या अक्षरांची आडवी रेघ आधी ओढलेली होती आणि अक्षरं मागाहून तिला खाली टांगलेली होती, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. आपण सगळे आधी अक्षरं काढतो आणि मग वर रेघ मारतो. मी जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या, रेघ आधी ओढणारा माणूस एकदाच पाहिला होता, आणि तो वर्गात नव्हे, वज्रेश्वरीच्या जत्रेत.

तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो. चैत्रातली जत्रा. शाळेतले आम्ही तिघे एसटीने गेलो. दर्शन झालं आणि मग जत्रेला ज्यासाठी जातात तिकडे वळलो. मोठ्या लाकडी विहिरीच्या भिंतीवर फिरणारी मोटारसायकल पाहिली. एका तंबूत 'धड नसलेली बाई' होती. टेबलावर नुसतं मुंडकं, आणि ते चक्क पान खात होतं. ही आरशांची करामत आहे हे मी कुठेतरी वाचलेलं होतं, ते दोघा सोबत्यांना इतक्या मोठ्याने समजावलं की तंबूवाल्याने मला बाहेर काढलं. तेव्हापासून मी स्वतःला बुद्धिवादी समजू लागलो.

शेजारच्याच तंबूवर रंगवलेली पाटी होती: हात नसलेली बाई, पायाच्या बोटांत कमळ, चेहरा त्या वर्षीच्या एका नटीचा. आत गेलो. उंच फळीवर एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई बसली होती, चेहरा अर्थातच नटीचा नव्हता. तिच्यासमोर पितळेची परात आणली गेली. पाणी तिथल्या गरम पाण्याच्या कुंडातलं होतं, गंधकाचा वास तंबूभर पसरला. सगळ्यांच्या देखत तिने आपले पाय धुतले, स्वच्छ पंच्याने बोटांच्या बेचक्या पुसल्या, पाय फळीवर ठेवले, आणि खेळ संपेपर्यंत ते जमिनीला लावले नाहीत. मग सुईत दोरा ओवला. कागदाचं फूल कातरलं. कुणीतरी खुशीत येऊन फळीवर नाणं टाकलं, तर तंबूच्या मालकाने ते उचलून परत त्याच्या हातात दिलं. हे मला विचित्र वाटलं. ज्या धंद्यात लोक पैसे टाकायला येतात, त्यात पैसे परत?

आणि मग मी, ताजा बुद्धिवादी, मागच्या रांगेतून म्हणालो, "हात आत बांधलेत."

तिने मान वर केली. "कोन बोललं? या म्होरं."

सोबत्यांनी मला ढकललं. तिने बायकांतल्या एकीला बोलावलं, तिच्याकडून आपले खांदे चाचपून घेतले. ती बाई चाचपून मागे वळली आणि सगळ्या तंबूला ऐकू जाईल असं म्हणाली, "न्हाय बाय, काय बी न्हाय." मग फळीवरच्या बाईने पायाच्या बोटांत बोरू धरला आणि मला विचारलं, "नाव सांगा."

मी सांगितलं. माझ्या आडनावात एक जोडाक्षर आहे, ते सुशिक्षित माणसंही चुकतात. ती थांबली. "वरचा र का खालचा?"

"वरचा."

तिने आधी रेघ ओढली, मग अक्षरं टांगली. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. चिठ्ठी बोटांत धरून तिने माझ्यापुढे केली. मी ती घेतली आणि, का कोण जाणे, कपाळाला लावली. कागदाला पाय लागला की आपला हात आपोआप कपाळाकडे जातो, बुद्धी नंतर पोचते. सोबती तंबूबाहेर येईपर्यंत हसत होते. "काय मास्तर, पाया पडलात."

एसटीची वाट पाहताना चिठ्ठी खिशात बोचू लागली. माझं नाव, पण पायाने लिहिलेलं. घरी आईने पाहिलं तर काय म्हणेल? देवाच्या फळीवर ठेवावी तर पायाचं लिखाण. केरात टाकावी तर विद्या. आरशांची करामत उलगडून सांगणारा मी अर्धा तास त्या चिठ्ठीपुढे अडाणी होऊन उभा राहिलो. शेवटी रसाच्या गुऱ्हाळाजवळ ती चुरगळून टाकली आणि बसमध्ये चढलो.

ही ती बाई. मी तिला हे काहीच बोललो नाही. वही उघडली आणि सत्काराचं विचारलं.

"मानपत्रात काय काय लिवतात?" तिने विचारलं.

"जिद्द लिहितात. दैवाशी झुंज. समाजापुढे आदर्श."

"झुंज कुनाशी?" कात्री थांबली. "मला हात कवा व्हतेच न्हाय. असते आन् गेले असते तर झुंजले असते."

मी 'झुंज' खोडलं.

"तुमी असं लिवा," ती म्हणाली. "बावीस वर्सं जत्रंत तंबूचा खेळ केला. सुई, कातर, नाव. एक दिवस चुकवला न्हाय, तापात बी. बास."

मग तिने बाकीचं सांगितलं, कात्री चालवत. वज्रेश्वरीच्या अलीकडचं गाव, घरची भातशेती. सहा वर्षांची असताना बापाने शाळेत नेलं. गुरुजी वाईट नव्हते, पण त्यांना पेच पडला: दसऱ्याला ज्या पाटीची पूजा करायची तिला या मुलीचा पाय कसा लागू द्यायचा? त्यांनी तिला दारात बसून ऐकायची परवानगी दिली. ती दोन वर्षं दारात बसून पाढे शिकली, अक्षर एकही नाही. पुढे जत्रेत एका तंबूवाल्याने तिला पाहिलं. त्याच्या बायकोने पहिल्याच आठवड्यात पाटी तिच्या पायांसमोर ठेवली आणि म्हणाली, "रेघ मार." अक्षरं वेडीवाकडी व्हायची, म्हणून आधी रेघ, मग तिच्या आधाराने अक्षर, ही युक्तीही त्या मालकिणीचीच.

मी सदतीस वर्षं मास्तरकी केली. त्या गुरुजींच्या जागी मी काय केलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला त्या खोलीत विचारला, आणि गुऱ्हाळापाशी चुरगळलेली चिठ्ठी आठवून उत्तर द्यायचं टाळलं.

"आणि तंबू बंद कसा झाला?"

"कुनीतरी अर्ज केला. अपंगांचा बाजार मांडलाय म्हने. पोलीस आले, तंबू उठवला. एक बाई मला म्हनाली, तुझी सुटका झाली. आन् दुसऱ्या दिवशी मला काम न्हाय."

जत्रेत माणसं दाखवायच्या अशा खेळांवर परदेशात जाडजूड पुस्तकं लिहिली गेली आहेत. त्यांतली काही मी वाचली आहेत. काहींच्या मते ती निव्वळ पिळवणूक होती, काहींच्या मते ती कला होती, आणि दोन्ही बाजू एकमेकींवर फार चिडलेल्या असतात. म्हणून मी विचारलं, "मग तंबू चांगला होता म्हणायचा?"

"चांगला कसला. चैत्रात आत भट्टी. लोक बोटांना चिमटे काढायचे, पाय खरा हाय का बघाया. मालक अर्धं खायचा." तिने एक धागा कातरला. "पन मानसं बसून बघायची. आता रस्त्यात उभ्यानं बघतात, आन् फुकट."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. मानपत्रात ते चालणार नव्हतं.

निघताना तिने मला थांबवलं. सत्काराचं तिने कार्यवाहाला आधीच बजावलं होतं, आता मलाही बजावायचं होतं. "आधी मी नाव लिवून दाखवनार. मंग शाल. आमच्यात तसंच व्हतं. खेळ संपायच्या आधी कुनी पैसं टाकलं तर मालक परत द्यायचा. आधी दिलं ती भीक, नंतर दिलं ती मजुरी. मी जन्मात भीक घेतली न्हाय. हे नीट सांगा तुमच्या पोराला."

म्हणजे ते परत केलेलं नाणं हे होतं. चाळीस वर्षांनी कळलं.

मानपत्र मी मनापासून लिहिलं, आणि पहिल्यांदाच विशेषणांशिवाय. कार्यवाहाने ते वाचलं आणि डोकं खाजवलं.

"सर, छान आहे. पण 'तंबू' नको. जत्रा, खेळ... साहेबांच्या घरचे येणार आहेत. त्यांना बरं वाटणार नाही, आणि मावशींनाही कमीपणा."

"कमीपणा त्यांना वाटत नाही. त्यांनीच सांगितलंय लिहायला."

"त्यांना कळत नाही सर. आपण 'कलाक्षेत्रातील योगदान' असं करू."

मी थोडा भांडलो. पुरेसा भांडलो असं म्हणणार नाही. एवढं मात्र कबूल करून घेतलं की मंचावर आधी ती नाव लिहील आणि मग शाल. तो म्हणाला, "शंभर टक्के, सर." फळी, जाड कागद आणि स्केचपेन मंचाच्या कडेला ठेवलेलं मी कार्यक्रमाआधी स्वतः पाहिलं.

साहेब दीड तास उशिरा आले. त्यांना पुढे कल्याणला दुसरा सत्कार होता. मंचावर मागे मोठा फलक, त्यावर साहेबांचं नाव चार ठिकाणी आणि चेहरा दोन ठिकाणी. सत्कारमूर्तीचा फोटो खालच्या कोपऱ्यात. निवेदिका शेर म्हणत होती. उशीर झाल्यामुळे कार्यक्रमपत्रिकेची उलटापालट चालली होती आणि कार्यवाह घाम पुसत होता.

आणि मग साहेबांच्या मंडळींनी आयत्या वेळी ठरवलेली गोष्ट जाहीर झाली: साहेब सपत्नीक मावशींचं पाद्यपूजन करणार.

चांदीचं ताम्हण आलं. साहेब गुडघ्यावर बसले, आणि हे त्यांना सोपं गेलं नाही. त्यांनी तिच्या पायांवर पाणी ओतलं. मी पहिल्या रांगेत होतो, मला तिचा चेहरा दिसत होता. तो खुलला होता. तिला वाटलं, खेळ सुरू होतोय. पाणी, परात, पाय धुणं. तिच्या हिशोबाने या माणसाला रीत बरोबर माहीत होती. ती पुसायचा पंचा येण्याची वाट पाहत थांबली.

पंचा आला नाही. हळद आली, कुंकू आलं, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. ओल्या बोटांवर सगळ्याचा चिखल झाला. मग निवेदिकेने महिला मंडळाला आवाहन केलं आणि तीस-चाळीस बायका ओळीने येऊन त्या पायांवर डोकं ठेवू लागल्या. ती पाय हलवू शकेना. त्या गर्दीत एकाच्याही लक्षात आलं नाही की हे तिचे हात आहेत, आणि चाळीस माणसांनी तिचे हात धरून ठेवले आहेत. भक्तिभावाने, ही गोष्ट वेगळी.

तेवढ्यात शाल घातली गेली. फ्रेम केलेलं मानपत्र मांडीवर टेकवलं. फोटो झाले. निवेदिका म्हणाली, "यानंतर आभारप्रदर्शन..."

"साहेब," ती म्हणाली. माईक तिच्या तोंडाजवळच राहिला होता. "बसा जरा."

साहेब उठलेले होते, ते बसले.

"पाय पुसाया काय हाय का?"

कुणाकडेच काही नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग एक खांदा झटकला. शाल घसरून खाली आली. तिने ती पायांनी ओढून घेतली आणि शांतपणे पाय पुसायला लागली. एकेक बोट, एकेक बेचकं, वज्रेश्वरीला पुसायची तसंच. जरीच्या काठावर हळदकुंकवाचे पट्टे उमटत गेले.

"फळी आना."

कार्यवाहाने साहेबांकडे पाहिलं. साहेब मुरलेले, कॅमेरे चालू. त्यांनी हसून मान हलवली. फळी आली, मानपत्र बाजूला ठेवलं गेलं. तिने स्केचपेन बोटांत धरलं आणि साहेबांकडे बघून विचारलं, "नाव सांगा."

लोक हसले. साहेबही हसले. मागच्या फलकाकडे त्यांनी थट्टेने हातही केला. ती हसली नाही. तंबूत ती कधीच कुणाचं नाव धरून चालत नसे. नाव माणसाने स्वतः सांगायचं असतं.

"पुरं सांगा. वडलांचं बी."

आणि साहेबांनी हजेरी देणाऱ्या मुलासारखं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं मधे घेऊन. तिने आधी रेघ ओढली. मग एकेक अक्षर खाली टांगलं. कागद बोटांत धरून पुढे केला. साहेबांचा हात अर्ध्या वाटेत क्षणभर थांबला. आता काय होणार हे मला माहीत होतं, मी त्या जागी उभा राहिलेलो होतो. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला.

"झाला खेळ," ती म्हणाली. "आता शाल घाला."

खाली पडलेली, पुसून पिवळी-लाल झालेली शाल साहेबांनी स्वतः उचलली आणि दुसऱ्यांदा तिच्या खांद्यांवर घातली. टाळ्या त्यानंतर वाजल्या.

चारपाच दिवसांनी मी तिच्याकडे गेलो. शाल धुऊन दोरीवर होती, डाग गेले नव्हते. मानपत्राची फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली होती. भाचीने चहा दिला. कपातला अर्धा संपल्यावर मी चिठ्ठीचं सांगून टाकलं: आरडाओरडा, खांदे चाचपणं, वरचा र, गुऱ्हाळ, सगळं. चाळीस वर्षं बाळगलेली शरम होती, जरा नीटच सांगितली.

तिला मी अजिबात आठवत नव्हतो. "हात आत बांधलेत असं प्रत्येक खेळाला एक जन वरडायचा," ती म्हणाली. "शिकलेला असायचा बहुतेक."

"पण चिठ्ठी टाकली मी."

"लय जन टाकायचे. घरी कुठं ठेवनार? तंबू उठला की आमी गोळा करायचो सगळ्या. मागची बाजू कोरी असायची ना. तुमच्या मागं दुसऱ्या कुनाचं नाव लिवलं असंल पुढच्या जत्रंत."

भाची हसली. मीही हसलो, शरम इतकी उपयोगी पडली असेल असं वाटलं नव्हतं.

मग तिची नजर फ्रेमकडे गेली. तिने ते मानपत्र वाचलेलं होतं. "कलाक्षेत्र म्हंजी कुठं आलं, मास्तर? आमचा तंबू तिकडं कवा लागला न्हाय."

मी म्हणालो, तो शब्द माझा नाही. पण खाली लेखक म्हणून मीच होतो, त्यामुळे ते बोलणं फारसं टिकलं नाही.

"मागची बाजू कोरी हाय का ह्याची?"

मी फ्रेम उलटी केली, खिळे वाकवून पुठ्ठा काढला, कागद बाहेर घेतला. मागे कोरा होता. भाचीने पाटाशेजारी फळी ठेवली, पाण्याचा तांब्या आणला. तिने पाय धुतले, पुसले, पेन घेतलं. आधी रेघ ओढली. मग लिहिलं: 'जत्रेत तंबूचा खेळ केला. बावीस' आणि थांबली.

"वर्षे. वरचा र ना?"

"वरचा," मी म्हणालो.

कागद उलटा घालून फ्रेम पुन्हा बंद केली आणि खिळ्याला लावली. तिचं अक्षर खोलीकडे, माझं मानपत्र भिंतीकडे. लूम चालू असले की फ्रेम थोडी थरथरते. माझा मजकूर त्या बाजूने कुणी वाचत नाही, पण आजवरच्या बाकीच्या मानपत्रांपेक्षा त्याची परिस्थिती फार वेगळी आहे असं मला वाटत नाही.